जुनी स्पोर्ट्‌स कार खोलण्याआधी: या चुका टाळा

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते: गाडी कोणत्या काळातली करायची हेच ठरलेलं नसतं. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीची बीएमडब्ल्यू ५०७ घ्या. १९५७ची, पांढरी. जर्मन रेसर हान्स श्टुकने ती आधी घाटातल्या शर्यतींत पळवली होती. १९५८च्या डिसेंबरात, जर्मनीत लष्करी नोकरीवर असताना, प्रेस्लीने ती घेतली. चाहत्या बॉडीवर लिपस्टिकने निरोप लिहायला लागल्या, तेव्हा त्याने ती लाल करून घेतली. नंतर अमेरिकेतल्या मालकाने मूळ इंजिन काढून शेव्हरोलेचं व्ही-८ बसवलं. १९६८पासून ती कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरकडे होती आणि बरीच वर्षं भोपळ्यांच्या गोदामात पडून राहिली.

मग रंग पांढरा की लाल? गाडी पुन्हा उभी करताना बीएमडब्ल्यूने पांढरा निवडला आणि २०१६ला ती कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दाखवली. मला लाल जास्त आवडला असता, किस्सा त्याचाच आहे! पण थोडी १९५८ची, थोडी नंतरची अशी खिचडी त्यांनी केली नाही.

दुसरी चूक म्हणजे ऐकीव इतिहासावर पैसे लावणं. ही गाडी प्रेस्लीचीच, हे पक्कं झालं ते ७००७९ या चेसिस नंबरावरून. विकणाऱ्याच्या गोष्टी ऐका जरूर, पण चेसिस आणि इंजिनवरचे नंबर कागदांशी ताडून बघा. नंबराची जागा घासलेली दिसली तर तिथेच थांबा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा आणि ब्रेकचे सगळे रबर बदला, वरून चांगले दिसत असले तरी.

५०७ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. रंग उतरवायला वाळूचा मारा केला, तर असा पत्रा तापतो, वाकतो. रंग हाताने किंवा केमिकलने उतरवा, आणि खालचे जुने थर दिसतील तसे फोटो काढत चला. मोडका भाग भंगारात टाकायची घाईही नको, नवा घडवायला माप त्याचंच लागतं. या गाडीची काच खाली-वर करायची हँडल थ्रीडी प्रिंटरच्या मदतीने पुन्हा बनवावी लागली.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला, तर ती नोंदणी अडते.