जामीन मंजूर झाला, पोरगं आतच

सनद घेऊन साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात उभी राहायला लागले, त्याला आता बारा वर्षं झाली. काम बहुतेक फौजदारीच आणि तेही आरोपीच्या बाजूचं. लॉ करणारी मुलंमुली भेटली की विचारतात, पैसे किती मिळतात आणि गुन्हेगाराची बाजू घेताना मनाला काही वाटत नाही का. दोन्हींची उत्तरं देतेच, पण मला आधी सांगायचं असतं ते वेगळं. आपण हे काम शिकत असतो तेव्हा कुणीतरी आत बसलेलं असतं.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका मुलाचा मारामारीच्या गुन्ह्यातला जामीनअर्ज मी चालवला. सत्र न्यायालयात मी एकटीने चालवलेला तो पहिला अर्ज. पंचवीस हजारांवर जामीन मंजूर झाला. त्याच्या आईला फोन करून कळवलं आणि पुढच्या कामाला लागले. चार दिवसांनी ती माउली कोर्टाच्या आवारात उभी. "ताई, जामीन झाला म्हनलात, मग पोरगं घरी का न्हाई आलं?"

ऑर्डर झाली होती, पण जामीनदार नव्हता. जमिनीचा सातबारा आईच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद लागलेली नाही, चुलते सही करायला तयार नाहीत. जामीनदाराची तेवढी रक्कम भरायची ताकद आहे असं सांगणाऱ्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत दोन खेपा झाल्या. शेवटी सीनियरांनी सुचवलं, जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरून सोडावं असा अर्ज टाक. तो मंजूर झाला, आईने कानातलं मोडून पैसे भरले. ऑर्डर झाल्यावर तो एकोणीस दिवस आत होता. ते दिवस माझ्यामुळे गेले, असं मी आजही मानते. ऑर्डर म्हणजे सुटका नव्हे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून वकीलपत्रावर सही घेतानाच विचारते: जामीनदार कोण, सातबारा कुणाच्या नावावर, आधार आणि रेशनकार्ड कुठे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी यावर निर्देश दिले आहेत. जामिनाची प्रत ईमेलने तुरुंगात जायला हवी, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवायला हवं. हे लक्षात ठेवा आणि प्राधिकरणात स्वतः जाऊन विचारा.

दुसरी सवय दिवस मोजण्याची. दोषारोपपत्र साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मोजणी अटकेच्या तारखेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. मुदत संपली आणि वकील लग्नाला गेलेला, एवढ्यावर हा हक्क हातचा जातो. माझ्या डायरीत हे दिवस लाल शाईने लिहिलेले असतात.

आता उलटतपास. सिनेमात दिसतो तसा आवाज चढवून होत नाही, तो आदल्या रात्री कागदांवर होतो. एका खटल्यात साक्षीदाराने कोर्टात सांगितलं, कोयता आरोपीच्या हातात होता. पोलिसांपुढच्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. मी ते दाखवल्यावर तो म्हणाला, "मी सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही." मी समाधानाने खाली बसले. पण हे ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगणं, जबाब घेणाऱ्या तपासी अंमलदाराकडून शाबीत करून घ्यावं लागतं. साक्षीदाराने तुमच्यासमोर असं सांगितलं नव्हतं, हा एक प्रश्न अंमलदाराला विचारायचा मी विसरले. युक्तिवादाच्या तयारीत सीनियरांच्या ते लक्षात आलं. अंमलदाराला पुन्हा साक्षीला बोलावण्याचा अर्ज दिला आणि कोर्टाने तो मंजूर केला म्हणून निभावलं. तसं झालं नसतं तर त्या माणसाचा बचाव माझ्या वहीतल्या एका न विचारलेल्या ओळीपाशी अडला असता. आता प्रत्येक जबाबासमोर वहीत दोन रकाने करते, एक साक्षीदारासाठी आणि एक अंमलदारासाठी. दोन्हींत खूण पडल्याशिवाय पान उलटत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंडविधानाचीच कलमं लागतात, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं टेबलावर दोन्ही संच ठेवावे लागतील.

पैशाचं सरळ सांगते. पहिली तीन-चार वर्षं हातात फार येत नाही, घरचा आधार किंवा काटकसर लागते. ज्युनियरला ग्रामीण भागात दरमहा किमान पंधरा हजार द्यावेत अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची 2024 मधली शिफारस आहे, पण ती शिफारसच आहे. लोक अभिरक्षक कार्यालयात गरीब आरोपींचे खटले सरकारी मानधनावर चालवता येतात. तिथलं काम जरूर बघा, वर्षभरात खूप शिकाल.

आणि मनाला काय वाटतं? फिर्यादीची आई समोरच्या बाकावर बसलेली असते, तिच्याकडे बघून उलटतपास घेणं सोपं नसतं. एका गुन्ह्यानंतर गावात एवढा संताप होता की वकीलपत्र घेऊ नकोस म्हणून माझ्या घरी निरोप आला. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आरोपी दोषी आहे असं आपलं मत असलं, तरी त्याचा बचाव करणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. अमुक आरोपीची बाजू कुणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे. मी वकीलपत्र घेतलं. खोटी कहाणी रचून देणार नाही, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि सरकार पक्षाचा एकही कागद न तपासता सोडणार नाही, हेही सांगितलं.

कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, त्यात साताराही आहे. जामिनासाठी मुंबई गाठणं म्हणजे आरोपीच्या घरच्यांना आधी गाडीभाडंच जमवावं लागायचं. गेल्या महिन्यात एका आईला घेऊन मी सकाळच्या एसटीने कोल्हापूरला गेले. निघण्याआधी तिच्या पिशवीत जामीनदाराचे कागद आहेत ना, ते स्टँडवरच दोनदा बघून घेतलं.