तयार गेमिंग संगणक घेण्यापूर्वी काय पाहावे?

तयार गेमिंग संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे ठळक अक्षरांत असतात. पण काटकसर बहुधा ज्या भागांत केलेली असते, त्या पॉवर सप्लाय (सर्व भागांना वीज पुरवणारा भाग), मदरबोर्ड (सर्व भाग जिथे जोडले जातात तो मुख्य फलक) आणि रॅम (तात्पुरती स्मृती) यांबद्दल तिथे फारसे काही लिहिलेले नसते. म्हणून विक्रेत्याकडून प्रत्येक भागाचे नेमके मॉडेल लेखी घ्यावे, आणि तेच भाग सुटे घेतल्यास किती खर्च येतो याची बेरीज करावी. फरक थोडा असेल, तर जोडणीची मेहनत आणि संपूर्ण यंत्राची एकत्रित वॉरंटी यांसाठी तेवढे पैसे देणे मला रास्त वाटते.

पॉवर सप्लायची चौकशी मात्र कधीही टाळू नये. '८० प्लस' ही खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते, एकूण दर्जाची हमी देत नाही. काही मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय एटीएक्स या प्रमाणित, सगळीकडे चालणाऱ्या आकाराचे नसतात, त्यामुळे पुढे एक भाग बदलायचा तर दुसराही बदलावा लागू शकतो. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत दिली असेल, तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या मागाव्यात; ड्युअल चॅनेलमुळे, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या गेल्यामुळे, अनेक खेळांचा वेग वाढतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, किंवा आपल्या शहरातील सुट्या भागांच्या दुकानात, आपण निवडलेले भाग जोडूनही मिळतात. तेथे प्रत्येक भागाचे स्वतंत्र बिल घ्यावे.