मोडी लिपी आली म्हणून उड्या मारू नका, आधी सन काढायला शिका

मागच्या महिन्यात दोन ज्युनिअर पोरं भेटायला आली. दोघांचंही मास कॉम झालेलं आणि दोघांनाही वर्तमानपत्रांच्या आधी बातमी कशी फिरायची यावर पीएचडी करायची, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा मीच. त्यांना तर्री पोहे खाता खाता जे सांगितलं तेच लिहून राहिलो, थोडं विस्कळीत आहे, चालवून घ्या.

आमच्या नोट्सचं पहिलं पान म्हणजे ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, दर्पण. जणू ५ तारखेपर्यंत लोक मुकेच होते. आणि मी राहतो नागपूरच्या महाल भागात! जिथे भोसल्यांचा दरबार होता, वकिलांची म्हणजे दुसऱ्या दरबारांत ठेवलेल्या प्रतिनिधींची पत्रं यायची, अखबार म्हणजे हातानं लिहिलेली बातमीपत्रं यायची, जासूद म्हणजे पत्रं नेणारे निरोपे जोडीनं निघायचे. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकाराच्या पत्रातून कळली, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, ते तुम्हाला पाठच असेल. त्यावर हळहळण्यापलीकडे आपण जात नाही, पण जरा विचार करा ना, सावकाराचं टपाल पेशव्याच्या टपालाच्या पुढे धावत होतं आणि वाटेत कोणी उघडलं तरी हिशेबाचा कागद वाटावा अशी भाषा वापरत होतं. विषय इथे आहे.

आता त्रास. तुम्ही दोन खात्यांच्या मधे पडणार हे धरूनच चाला. इतिहासवाले म्हणतील हे जर्नालिझम आहे, जर्नालिझमवाले म्हणतील हे इतिहासात न्या. मला एका मीटिंगमधे सरळ विचारलं होतं की यात प्रश्नावली कुठे आहे आणि एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर कुठे लावणार. १७९० सालच्या जासुदाकडून प्रश्नावली भरून घेऊ का? असं तिथे बोललो नाही अर्थात, मान हलवली आणि घरी येऊन सिनॉप्सिस तिसऱ्यांदा लिहिला. तुमचाही होईल तिसऱ्यांदा, घाबरू नका.

मोडीचं थोडक्यात. दहा दिवसांच्या वर्गाचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे मोडी आली असं नाही, क्लासमधली मोडी सुबक असते, कागदावरच्या मोडीत दोन शब्दांत जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. फोटो टाकला की देवनागरी करून देतो म्हणणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही, ते चुकलं तर चुकलं हे कळायलाही मोडी यावीच लागते. रोज एक पान वाचा. सहा महिन्यांत डोळा बसतो, खरंच बसतो.

पण मला मोडीनं नाही मारलं, मला सनानं मारलं. हे नीट वाचा.

पत्रात साल असतं सुहूर सनाचं, म्हणजे मराठ्यांच्या दप्तरातल्या जुन्या कालगणनेचं, आणि तेही शब्दांत, अरबी शब्दांचं मराठी झालेलं. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. मला कोणीतरी सांगितलं की यात ५९९ मिळव, इसवी सन येतो. झालं, मी एक्सेलमधे फॉर्म्युला टाकला आणि कॉलम खालपर्यंत ओढला. आता ११६१ मधे ५९९ मिळवा बरं. १७६० येतं. आणि पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, त्याच ११६१ मधे! कारण सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, जूनच्या सुरुवातीला. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. फसली या महसुली सनाचीही तीच गंमत, तिथे ५९० आणि ५९१. एवढंच. या एका आकड्यानं माझे आठ महिने खाल्ले.

झालं असं की मी नागपूर-पुणे पत्रांचा तक्ता करत होतो, पत्र कधी निघालं, पैवस्ती म्हणजे पोचल्याची नोंद कधीची, किती दिवस लागले. मे महिन्यात निघालेली आणि जुलैत पोचलेली पत्रं माझ्या तक्त्यात चौदा महिने प्रवास करत होती. मी लगेच थिअरी बनवली, वर्धा-गोदावरीला पूर, वाटा बंद, दळणवळणाचा ऋतुकाल वगैरे, सेमिनारमधे वाचली, टाळ्या पडल्या. आणि डिसेंबरात निघून जानेवारीत पोचलेली पत्रं? ती निघायच्या अकरा महिने आधी पोचत होती. त्यांना मी कारकुनाची चूक म्हणून डिलीट केलं. लिहितानाही लाज वाटते. थिअरीला सोयीच्या चुका ठेवल्या आणि गैरसोयीच्या उडवल्या.

पकडलं कोणी, तर मोडी वाचून देणाऱ्या एका रिटायर्ड काकांनी. तक्ता पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "चौदा महिने? जासूद काय काशीयात्रा करून आला का बे?" मग पेन्सिल घेतली आणि वहीच्या कोपऱ्यात ६०० लिहिलं. म्हणून माझं मत, गाईड सही करायला लागतो, शिकायला असा माणूस शोधा. त्याच्यासाठी जास्तीचा चहा सांगा, वाद घालू नका.

अजून एक बारीक काटा आहे. महिना आणि तारीख हिजरी, म्हणजे चंद्राची, वर्ष मात्र सूर्याचं. हिजरी वर्ष अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे सुहूर सनाच्या अगदी सुरुवातीला आलेली तारीख शेवटी पुन्हा येऊ शकते. तेव्हा पत्रातला मजकूर बघायचा, पेरणीचं काही आहे का, कोण कुठे मुक्कामाला आहे. जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा मेळ देणारं पुस्तक, जवळ ठेवाच. आणि पहिल्याच पत्राला हे सगळं जमलं नाही तर काही बिघडत नाही, कोणालाच जमत नाही.

कागदापलीकडचंही बघा. पत्र लिहिणाऱ्याचं नाव असतं, घेऊन जाणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतं, नुसतं "जासूद जोडी पाठविली". आणि गावोगाव मर्तिकाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पायी गेलेल्या महारांचा तर कागदच नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं, समाजशास्त्रवाल्यांकडून मुलाखत घ्यायला शिकावं लागतं. मी हे फार उशिरा सुरू केलं.

विदर्भ संशोधन मंडळात जा, पुराभिलेखच्या, म्हणजे सरकारी जुन्या कागदांच्या खात्याच्या, नागपूर ऑफिसात जा. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा, पंख्याखाली जुना कागद धरून बसणं सोपं नाही. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. माझा तक्ता आता दुरुस्त आहे, पुराची थिअरी गेली, डिलीट केलेली पत्रं एकेक करून परत भरली. जानेवारीचं पत्र निघालं की अजूनही आधी वहीच्या कोपऱ्यात ६०० लिहितो, मगच वाचायला घेतो.