अमेरिकेत इंजिनिअरिंगला ट्रान्सफर घेताय? या चुका टाळा

परवा एक काका-काकू मुलाची फाइल घेऊन घरी आले. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एफईला (पहिल्या वर्षाला) सीजीपीए ९ च्या वर, हॅकेथॉनची दोन सर्टिफिकेटं, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं. मी विचारलं, "सिलॅबसच्या प्रती कुठेयत?" काका म्हणाले, "सिलॅबस कशाला? मार्कशीट आहे ना!"

ट्रान्सफर म्हणजे इथली पदवी मध्येच सोडून उरलेली तिथल्या विद्यापीठात पूर्ण करणं, आणि तिचं घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. बारावी झालेल्या मुलाकडे विद्यापीठ 'हा पुढे काय करू शकेल' म्हणून बघतं. ट्रान्सफरवाल्याच्या बाबतीत त्यांचा प्रश्न वेगळा असतो: हा मुलगा थेट आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसला, तर त्याला झेपेल का? कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज बघा. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे सगळ्या कॅम्पसना मिळून तो एकच असतो. ट्रान्सफरवाल्यांनी त्यात चार छोटे निबंध लिहायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांचे. तीन विषय आपण निवडायचे, चौथा सक्तीचा, आणि तो म्हणजे आपल्या मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी) आणि पुढच्या वर्षांच्या अभ्यासासाठी तुम्ही काय तयारी केलीय, हे सांगणं. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न नजरेआड केल्यामुळेच होतात.

एम-वन म्हणजे कॅल्क्युलस वन नव्हे

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत कॅल्क्युलसचे तीन कोर्स, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, लॅबसकट कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स, आणि प्रोग्रॅमिंग असा साधारण पाया असतो. आपल्याकडे हाच मजकूर वेगळ्या डब्यांत भरलेला असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्न घ्या. त्यात एम-वनमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-१ मध्ये, मीन व्हॅल्यू थिअरम, फुरिए सिरीज, पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रायसेस एकत्र यायचे. एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मल्टिपल इंटिग्रल्स. म्हणजे तिथल्या चार-पाच कोर्सचे तुकडे आपल्या दोन विषयांत विखुरलेले. नुसत्या मार्कशीटवर 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-१' एवढंच वाचून तिथल्या माणसाला काय कळणार?

फिजिक्सचं तर याहून अवघड. त्यांच्या पहिल्या फिजिक्स कोर्समध्ये मेकॅनिक्स असतं, दुसऱ्यात इलेक्ट्रिसिटी आणि मॅग्नेटिझम. आपल्या इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये लेझर, ऑप्टिक्स, क्वांटम, सेमीकंडक्टर. मेकॅनिक्स आहे, पण ते 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्स' या वेगळ्या विषयात. आउट ऑफ मार्क असलेल्या मुलालासुद्धा तिथे फिजिक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कोर्स झालेला धरत नाहीत, ते यामुळे.

उपाय कष्टाचा आहे, पण हातातला आहे. आपल्या पॅटर्नचा पूर्ण सिलॅबस काढा: युनिट, तास, प्रॅक्टिकल, संदर्भग्रंथ या सगळ्यासकट. त्यावर कॉलेजचा सही-शिक्का घ्या. मग स्वतः बसून एक तक्ता करा, डावीकडे त्यांचा कोर्स, उजवीकडे आपला विषय आणि युनिट नंबर. माझ्या मते अर्जाआधीच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ या तक्त्याला द्यावा. कारण कुठे अर्ज करण्यात अर्थ आहे आणि कुठे नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी तोच सांगतो.

आणि हो, सीजीपीएला ४ ने गुणून १० ने भागण्याचा उद्योग करू नका. आपली ग्रेड जशी आहे तशी, आपल्याच स्केलवर लिहा. विद्यापीठाने मूल्यांकन मागितलं असेल तर ते त्यांनी मान्य केलेल्या संस्थेकडून, विषयवार करून घ्या.

इंग्लिश कंपोझिशनचा खड्डा

हा खड्डा आपल्या मुलांना दिसतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ट्रान्सफरच्या किमान अटींमध्ये इंग्लिश कंपोझिशनचे, म्हणजे इंग्लिश निबंधलेखनाचे, दोन कोर्स आहेत. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. आपल्या इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये असा विषयच नसतो. 'कम्युनिकेशन स्किल्स' त्यात बसेल असं गृहीत धरू नका, तिथे निबंध, वाचन आणि पुराव्यासह मांडणी अपेक्षित असते. टोफेल किंवा आयईएलटीएसचा स्कोअर ही वेगळी अट आहे. उत्तम स्कोअर आला म्हणजे कंपोझिशनचं भागलं, असं होत नाही. त्यामुळे भारतातून थेट ट्रान्सफरचा विचार असेल तर प्रत्येक विद्यापीठाचं किमान अटींचं पान आधी शब्दन्‌शब्द वाचा, मग फी भरा.

एफईचं वर्ष लपवू नका

केटी लागलेली असते (विषय राहिलेला असतो), ड्रॉप घेतलेला असतो, आणि कुणीतरी सल्ला देतं: "ते वर्ष दाखवूच नका, बारावी पास म्हणून फ्रेश अर्ज टाका." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बारावीनंतर कॉलेजमध्ये रीतसर प्रवेश घेऊन शिकला असाल, तर बहुतेक विद्यापीठांच्या नियमाने ते शिक्षण अर्जात सांगावंच लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लेखी तर तुम्ही मग ट्रान्सफरच ठरता. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्येही आधी कुठे शिकलात ते विचारतात. लपवलेलं वर्ष प्रवेश मिळाल्यानंतर उघड झालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि व्हिसाच्या फॉर्ममधली खोटी माहिती आयुष्यभर पाठ सोडत नाही. केटी लागली असेल तर दोन वाक्यांत कारण सांगा, आणि नंतरच्या सेमिस्टरला काय सुधारलं ते दाखवा. तशी मुलं घेतली जातात.

वेळेची गणितं

टीई, म्हणजे तिसरं वर्ष, संपवून ट्रान्सफरला निघणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते: फार उशीर झाला. पदवी देणारं विद्यापीठ तिचा बराचसा भाग स्वतःकडे पूर्ण करायला लावतं. इथे केलेली तीन वर्षं तिथे तीन म्हणून मोजली जात नाहीत. त्यापेक्षा बीई पूर्ण करून एमएसला जाणं शहाणपणाचं. निघायचंच असेल तर एफईनंतर किंवा एसई (दुसरं वर्ष) संपेपर्यंत निघा.

दुसरी अडचण निकालांची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरतात, जानेवारीत ग्रेड अपडेट करायच्या असतात, आणि शेवटची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांचं गुणपत्रक) १ जुलैपर्यंत मागतात. आपल्याकडे उन्हाळी परीक्षेचा निकाल त्या तारखेला हातात असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून प्रवेश मिळाल्याचं कळताच ॲडमिशन ऑफिसला मेल टाकून उशिराची कल्पना द्या, सोबत कॉलेजचं पत्र जोडा. जूनच्या तीस तारखेला धावाधाव करण्यात काही हशील नाही.

कम्युनिटी कॉलेजच्या वाटेने, म्हणजे पहिली दोन वर्षं तिथल्या स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात करून मग विद्यापीठात जाणाऱ्यांची चूक निराळी. डी अँझा, फुटहिल, सांता मोनिका, डायब्लो व्हॅली अशा कॉलेजांतून ही वाट चांगली मळलेली आहे, आणि भारतातून थेट उडी मारण्यापेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते, कारण तिथे कोणता कोर्स कशाला चालतो हे 'असिस्ट' या संकेतस्थळावर आधीच लिहिलेलं असतं. पण कोर्स साखळीने बांधलेले असतात. पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय फिजिक्स सुरू होत नाही, ते झाल्याशिवाय पुढचं नाही. गणिताच्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या कोर्सपासून सुरुवात करायची हे ठरवताना, एक पायरी खाली लागलात, की पूर्ण साखळी सरकते आणि ट्रान्सफरला एक वर्ष उशीर होऊ शकतो. तिथे पोचायच्या आधी ट्रिगनॉमेट्री आणि अल्जिब्रा घासूनपुसून घ्या. आणखी एक: ठरावीक अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देणारी 'टॅग' योजना सहाच कॅम्पसना आहे. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत, आणि योजनेतल्या कॅम्पसवरही इंजिनिअरिंगचे बरेच मेजर वगळलेले असतात.

सेव्हिसची तारीख

अमेरिकेतल्या अमेरिकेत कॉलेज बदलताना दुसरा एक ट्रान्सफर होतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) च्या सेव्हिस रेकॉर्डचा. सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारकडची संगणकीय नोंद. जुन्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाबरोबर बसून रिलीज डेट ठरवायची असते. त्या तारखेपासून रेकॉर्ड नव्या कॉलेजकडे जातं. जुन्या कॅम्पसवर लायब्ररीत किंवा लॅबमध्ये काम करत असाल, तर त्याच दिवशी ते थांबवावं लागतं. नव्या ठिकाणचे वर्ग जुनं शिक्षण थांबल्यापासून पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. आणि शेवटच्या सेमिस्टरला 'आता काय, ॲडमिशन झालंय' म्हणून एक कोर्स सोडून १२ क्रेडिटच्या खाली जाऊ नका. कार्यालयाची परवानगी नसेल तर विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचं कायदेशीर स्टेटस जातं.

पैशांबद्दल थोडक्यात. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकी सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. २०२५-२६ साठी कॅलिफोर्निया विद्यापीठाने राज्याबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांवर लावलेली नुसती जादा फी ३७,६०२ डॉलर होती, मूळ ट्युशन आणि राहणं-खाणं वेगळं. आय-२० साठी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदासाठी, ही रक्कम कागदावर दाखवावी लागते, त्यामुळे कर्जाचं बघायला ऑफर येईपर्यंत थांबू नका.

त्या काका-काकूंचा मुलगा तीन आठवड्यांनी परत आला, शिक्के मारलेला सिलॅबस आणि स्वतः केलेला तक्ता घेऊन. तिसरं कॅल्क्युलस अर्धंच जुळत होतं, फिजिक्सचा पहिला कोर्स कशाशीच नाही. पाच विद्यापीठांपैकी दोन त्याने स्वतःच खोडली होती. उरलेल्या तिघांना त्याने मेल लिहिला होता, इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा सिलॅबस जोडून: हा विषय तुमच्या फिजिक्सच्या जागी धरता का?