जुना ‘कॉसमॉस’ आणि नवा ‘कॉसमॉस’ शेजारी शेजारी ठेवून कसे बघायचे

‘कॉसमॉस’ ही विश्वावरची टीव्ही सीरीज, जुनी (१९८०) खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनने सांगितलेली, नवी (२०१४) नील डिग्रास टायसनने. तिच्यावर बोलायला दोन माणसं बसली की गाडी ठरलेल्या दोन स्टेशनांवर जाऊन अडकते, सेगन भारी की टायसन भारी आणि ग्राफिक्स कुणाचे भारी. आता १९८० च्या सीरीजला २०१४ च्या ग्राफिक्सशी तोलायचं म्हटलं तर निकाल आधीच लागलाय ना राव. त्यापेक्षा हे बघा की एकच गोष्ट समजवायला दोघांनी कुठला रस्ता धरला. ते कसं बघायचं ते सांगतो.

१) आधी आपण कुठली प्रिंट बघतोय ते तपासा. जुन्या सीरीजमध्ये साधारण दहा वर्षांनी काही एपिसोडच्या शेवटी सेगनने नवीन माहितीचे तुकडे जोडले, त्यामुळे तुमच्या प्रिंटमध्ये ते असतील तर ‘अरे, १९८० मध्ये यांना हे माहीत होतं?’ असा घोळ होतो. ते तुकडे वेगळे बघा.

२) मग दोन्ही सीरीज कुणी आणि कुठे केल्या ते डोक्यात ठेवा. जुनी अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आली, म्हणजे जाहिरातींची कटकट नाही, एपिसोड जवळजवळ तासाचा. नवी फॉक्स आणि नॅशनल जिओग्राफिकवर, जाहिराती वगळल्या की उरतात ४४ मिनिटांच्या आसपास. एपिसोड दोन्हीकडे १३. म्हणजे टायसन घाईत वाटतो त्यातला बराच भाग घड्याळाचा आहे, त्याच्या स्वभावाचा नाही. आणि अ‍ॅन ड्रुयान आणि स्टीव्हन सोटर दोन्हीच्या लेखनात आहेत, तेव्हा ‘नव्या लोकांनी वाट लावली’ हे वाक्य जरा जपून.

३) अख्ख्या सीरीज ओळीने बघू नका, जोड्या लावा. सगळ्यात चांगली जोडी पहिल्या एपिसोडचीच. सेगन सुरुवात करतो ८ अब्ज प्रकाशवर्षं लांबून, मग दीर्घिका, आपली आकाशगंगा, सूर्य असं करत आत आत येतो आणि थेट इजिप्तमध्ये उतरतो, तिथे एरॅटोस्थेनिस, सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढणारा प्राचीन ग्रीक विद्वान. सेगनच्या हातात पुठ्ठ्याचा नकाशा, त्यावर दोन छोटे खांब, नकाशा वाकवला की सावल्या वेगवेगळ्या पडतात. ७ अंशांचा फरक, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग, ८०० किलोमीटरचं अंतर, ५० ने गुणा, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. झालं! हे तुम्ही उद्या घरी पोराला करून दाखवू शकता. टायसन बरोब्बर उलटा जातो, पृथ्वीवरून निघून बाहेर बाहेर, विश्वातला आपला ‘पत्ता’ लिहीत, आणि मग येते तारे म्हणजे दूरचे सूर्य असं म्हणणाऱ्या इटालियन विचारवंत जिओर्दानो ब्रुनोची अ‍ॅनिमेशनमधली गोष्ट. बघायला देखणी आहे, पण त्यात कुणी काही मोजत नाही, एका माणसाला स्वप्न पडतं आणि त्याला जाळतात. माझ्या मते या जोडीत जुना सरळ जिंकतो.

दुसऱ्या एपिसोडची जोडी मात्र उलटी पडते. मुद्दा दोघांचा तोच, माणसाने केलेली निवड, म्हणजे कुठले प्राणी जगू द्यायचे ते माणूस ठरवतो आणि पिढ्यान्‌पिढ्या प्राणी बदलत जातात. सेगन जपानचे हेइके खेकडे दाखवतो, पाठीवर सामुराईचा चेहरा दिसतो म्हणून कोळी ते परत समुद्रात सोडतात, त्यामुळे तसेच खेकडे वाढत गेले. गोष्ट भन्नाट, फक्त नंतर जीवशास्त्रज्ञांनी शंका काढली की हे खेकडे एवढे लहान असतात की ते तसेही कुणी खात नाही. नव्यात त्या जागी लांडग्याचा कुत्रा कसा झाला ते आहे, साधं पण टिकणारं.

४) वहीत दोन रकाने करा, ‘तेव्हा माहीतच नव्हतं’ आणि ‘चुकीचं सांगितलं’. हे लोक फार मिसळतात. जुन्या कॉस्मिक कॅलेंडरमध्ये (विश्वाचा सगळा इतिहास एका वर्षात बसवलेलं कॅलेंडर) विश्वाचं वय १५ अब्ज वर्षं धरलंय, नव्यात १३.८ अब्ज. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ मध्ये कळलं, त्यामुळे दहाव्या एपिसोडमध्ये सेगन विश्व परत आकुंचन पावेल का या प्रश्नावर बराच रेंगाळतो, आणि त्याच ओघात तमिळनाडूत, नटराजाच्या मूर्तीपाशी येतो आणि ब्रह्मदेवाचा ८.६४ अब्ज वर्षांचा दिवस-रात्र सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना फक्त तेवढाच भाग आठवतो. असो. हे सगळं पहिल्या रकान्यात.

५) इतिहासाला तिसरा रकाना, कारण तिथे दोघंही घसरतात. सेगन प्राचीन अलेक्झांड्रियातली गणितज्ञ हायपेशिया हिचा खून आणि अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा नाश एकाच धाग्यात ओवतो, पण ते ग्रंथालय त्याच्या बरंच आधी उतरणीला लागलेलं. ब्रुनोला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं हे खरं, पण त्याच्यावरच्या आरोपांत धर्मशास्त्राचे मुद्दे भरपूर होते, एपिसोड बघून वाटतं तसं ते फक्त ताऱ्यांपायी नव्हतं.

६) आता नव्याची बाजू, कारण वरचं वाचून वाटेल मी जुन्याच्या पार्टीतला. सातवा एपिसोड जरूर बघा, क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढायला जातो, शिसं मोजता मोजता ते सगळीकडेच पसरलेलं सापडतं आणि मग त्याची गाठ पेट्रोलमध्ये शिसं घालणाऱ्यांशी पडते. आठवा एपिसोड खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेनचा, तारे मुख्यतः हायड्रोजनचे हे तिने १९२५ मध्ये मांडलं आणि मोठ्या शास्त्रज्ञांनी ते मागे घ्यायला लावलं. अशा बायका जुन्यात फारशा नाहीतच, हायपेशिया सोडली तर.

७) शेवटी शुक्र. जुन्याचा चौथा आणि नव्याचा बारावा एपिसोड एका संध्याकाळी बघा. दोघंही शुक्राची भट्टी दाखवून पृथ्वीवरच्या कार्बन डायऑक्साइडकडे येतात, पण सेगनकडे तो इशारा जाता जाता येतो, त्याची मोठी भीती अणुयुद्धाची आहे, ती तेराव्यात येते. टायसनकडे तोच इशारा अख्खा एपिसोड खातो. २०२० चा तिसरा ‘कॉसमॉस’ मध्ये घुसडू नका, तो नंतर बघा.