कॉर्व्हेटचं इंजिन मूळचंच आहे का, हे तपासताना

जॅग्वारच्या जुन्या गाडीसाठी हेरिटेज ट्रस्टचा दाखला काढला, की कारखान्यातून निघताना बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक कळतो. १९६३ ते १९६७च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला ती सोय नाही. पुरावा शोधायचा तो लोखंडावरच, आणि लोखंडावर नवे अंक ठोकता येतात.

आधी गाडीचा क्रमांक टिपून घ्या. तो ग्लव्ह बॉक्सखालच्या ब्रेसवरच्या (आडव्या आधारावरच्या) पट्टीवर असतो. मग इंजिनाकडे वळा. उजव्या (चालकाच्या आसनावरून पाहता) सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याचा, एक सपाट, मशीन केलेला भाग दिसतो, त्याला पॅड म्हणतात. त्यावर बहुधा नारिंगी रंग आणि तेलाचा थर असतो. रंग काढायच्या जेलने आणि मऊ कापडाने साफ करा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर पुरावा तुम्हीच पुसाल.

पॅडवर दोन वेगळे छाप हवेत. पहिला इंजिन कारखान्याचा. उदाहरणार्थ ‘एफ०११२आरएफ’: एफ म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०११२ म्हणजे १२ जानेवारी, आणि आरएफ म्हणजे १९६३चं ३६० अश्वशक्तीचं फ्युएल इंजेक्शन इंजिन (हाताच्या गिअरचं ३०० अश्वशक्तीचं असेल तर आरडी). टी असेल तर टोनावांडाचा कारखाना. मोठ्या आकाराची ‘बिग ब्लॉक’ इंजिनं तिथलीच. दुसरा छाप गाडीच्या क्रमांकाचा, सेंट लुईसच्या जुळणी कारखान्यात मारलेला. १९६३ची पहिली गाडी १००००१, तर पॅडवर वर्षाचा शेवटचा अंक पुढे लावून ३१००००१.

ठोकणारे हात वेगळे, ठसे वेगळे. त्यामुळे दोन्ही छापांचं वळण, खोली आणि ओळ तंतोतंत सारखी दिसली तर संशय घ्या. पण त्याहून बोलका पुरावा म्हणजे अंकांखालचा पृष्ठभाग. ब्रोचिंगमुळे (कारखान्यात दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट केल्यामुळे) पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. टॉर्च अगदी आडवी धरून दहापट भिंगातून पाहा. रेघा गायब, किंवा त्यांच्या जागी गोलाकार ओरखडे असतील, तर पॅड घासलेलं आहे. याचा अर्थ लबाडीच असं नाही. इंजिन उघडल्यावर डेक (ब्लॉकचा हेड बसतं तो वरचा भाग) सपाट करताना काही हजारांश इंच धातू जातो आणि छापही जातो. प्रश्न असतो तो घासलेल्या पॅडवर नंतर अंक कोणी आणि का ठोकले याचा.

आता ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवरचे (गिअरबॉक्सकडच्या कडेवरचे) ओतीव अंक पाहा. १९६३च्या ३२७ घनइंची इंजिनाला डावीकडे ३७८२८७० हवा. एवढ्यावर खूश होऊ नका, हाच ब्लॉक शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांनाही होता. उजवीकडची ओतकामाची तारीख जास्त उपयोगी: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढे दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ‘ए ४ ३’ म्हणजे ४ जानेवारी १९६३. ओतकाम, इंजिनाची जुळणी, गाडीची जुळणी, हा क्रम उलटला की तिथेच थांबा. पॅड खोटं करणारे ही तारीख कधीकधी विसरतात, कारण ती इंजिनाच्या मागे अडचणीच्या जागी असते.

१९६५पासून मालकाला मिळणारं धातूचं वॉरंटी कार्ड आणि १९६७च्या गाडीत पेट्रोल टाकीवर चिकटवलेला ऑर्डरचा कागद असेल तर जरूर ताडून पाहा; मात्र दोन्हींच्या नकला बनतात.

अहवालात ‘मूळ इंजिन’ असं छातीठोक लिहू नका. ‘छाप, रेघा आणि तारखा त्या काळाशी जुळतात’ असं लिहा, आणि साफ करण्याआधीचे व नंतरचे फोटो जोडा.