सभासद यादीत नावांऐवजी प्रश्नचिन्हं: माझा अनुभव

फोंड्यातल्या आमच्या प्रतिष्ठानच्या नव्या वेबसाइटवर एक्सेलमधली सभासद यादी चढवली, तर मराठी नावांच्या जागी '????' आणि लँडलाइनच्या ०८३२ मधलं शून्य गायब. फॉन्ट, ब्राउझर बदलून पाहिले. ऐन चतुर्थीत दोन रात्री गेल्या. दोष फाइलचाच होता. चढवण्यासाठी एक्सेलमधून बनवलेल्या साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) देवनागरी टिकत नाही, आणि एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या फाइलमधून अक्षरं परत मिळत नाहीत.

म्हणून मूळ एक्सेल फाइल उघडा. फोनचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मग नंबर शून्यासकट पुन्हा टाका (नुसतं टेक्स्ट केल्याने गेलेलं शून्य येत नाही). 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' (देवनागरी अक्षरं टिकवणारा सीएसव्हीचा प्रकार) निवडा. तपासायचं नोटपॅडमध्ये, एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलंत तर शून्य पुन्हा उडेल. आता चढवा. आमच्याकडे पत्त्यातला 'म्हार्दोळ' पहिल्याच ओळीत नीट उमटला.